पहिल्या बशीतले दाणे

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मी डाळिंब सोलत बसलो होतो. समोर तीन वाट्या. मेहुणी, म्हणजे बायकोच्या पाठची बहीण, दोन दिवस राहायला आली होती आणि माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. तिला गप्प बसवत नाही, त्यामुळे ती गप्प बसली की मला काळजी वाटते. तिसरी वाटी भरत आली तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, ही पहिली वाटी कुणाची?" मी म्हटलं, "जी उचलेल तिची." "मग मीच उचलते," म्हणून तिनं पहिली वाटी ओढून घेतली, तिसरी माझ्यापुढे सरकवली आणि हसत सुटली. "ताई, बघ गं तुझ्या नवऱ्याचे उद्योग. पहिल्या वाटीत सगळे टपोरे, लालबुंद. दुसरीत बरे म्हणायचे. आणि तिसरीत नुसता गाळ." बायको हात पुसत आली, वाकून तिन्ही वाट्यांत बघितलं आणि म्हणाली, "त्यात नवीन काय? लग्न झाल्यापासून बघतेय. मटार सोलले तरी तेच. म्हणून तर मी मुकाट्यानं पहिली वाटी उचलते." मी म्हटलं, काहीतरीच काय, मी बघतसुद्धा नाही, हाताला येईल तो दाणा टाकतो. मेहुणीनं लगेच दुसरं डाळिंब फोडून पुढ्यात ठेवलं. "होऊन जाऊ दे परीक्षा. माझ्या तोंडाकडे बघून सोलायचं. हाताकडे बघितलंत तर बाद." मग तिनं शेजारणीच्या भांडणाचा लांबलचक किस्सा सांगितला, मी तिच्या तोंडाकडे बघत सोलत राहिलो, आणि किस्सा संपल्यावर तिघांनी खाली बघितलं. पहिली वाटी पुन्हा तशीच, माणकांनी भरल्यासारखी. "न बघतासुद्धा पक्षपात!" मेहुणीनं टाळी वाजवली. "हात आहेत की पुढारी?" दोघी बहिणी हसून हसून वाकल्या. मीही हसत होतो. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसा मधेच मी थबकलो. सोमवार ते शनिवार मी हेच काम करतो. तिथं डाळिंब नसतं, आणि वाट्यांच्या जागी काचेच्या बशा असतात, इतकाच फरक.

कुणी विचारलं तर मी प्रयोगशाळेत नोकरीला आहे असं सांगतो. खरं काम वेचणाऱ्याचं. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा लांबट मऊ अवयव असतो. इन्शुलिन करणाऱ्या पेशी त्यात सगळीकडे नसतात, त्यांचे बारीक बारीक पुंजके असतात. पुस्तकात त्यांना बेटं म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून दाणे म्हणत आलो आणि आता आमच्याकडे सगळेच दाणे म्हणतात. उंदराचं स्वादुपिंड पाचक पाण्यात ठेवून हलवलं की बाकी सगळ्याचा चोथा होतो आणि दाणे सुटे होतात, खसखशीहून बारीक. काळ्या काचेवर ठेवून, बाजूनं दिवा टाकून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. ते फिकट पांढरे दिसतात आणि त्यांच्याभोवती मातकट चिंध्या तरंगत असतात. काचेच्या बारीक नळीनं एकेक दाणा अलगद ओढायचा आणि बशीत सोडायचा. एका बशीत पन्नास, अशा चार बशा. जास्त जोरानं ओढला तर दाणा फुटतो, उशीर केला तर मरगळतो. सत्तावीस वर्षं मी हे करतोय. आमच्या इमारतीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं आहेत, पण दाणे वेचायचे म्हटलं की सगळे काकांना बोलवा म्हणतात. काका म्हणजे मी. एवढा एकच माझा रुबाब.

बशांत काय असतं, तेही सांगायला हवं. पोटात मूल वाढायला लागलं की आईला नेहमीपेक्षा जास्त इन्शुलिन लागतं. मग मुलाला पोसणाऱ्या वारेतून एक हार्मोन तिच्या रक्तात उतरतो आणि दाण्यांना सांगतो, आता जरा जास्त काम करा गं बायांनो. काहींचे दाणे ते ऐकत नाहीत. अशा बाईला त्या महिन्यांत साखर होते. आमच्या मॅडम त्या हार्मोनची वेगवेगळी रूपं तयार करून दाण्यांवर घालून बघतात. मूळचं रूप, त्याचं नाव थोरली. हार्मोन म्हणजे कड्यांची एक लांब साखळी असते. तिच्यातली एक कडी बदलली ती मधली. दुसरीच एक कडी बदलली ती धाकटी. नावं मॅडमनीच ठेवली, त्यांना घरी तीन आत्या होत्या म्हणे. चौथ्या बशीत काहीच घालायचं नाही, ती तुलनेसाठी, तिला कोरी म्हणतात. या सगळ्यांत धाकटी फार नाजूक. बर्फातून काढल्यावर तिला ताटकळत ठेवायचं नाही, असं सहा वर्षांपूर्वी ठरलं, म्हणून पहिली बशी तिची भरायची. मग मधलीची, मग थोरलीची, कोरी सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या दिवशी बशांतलं इन्शुलिन मोजायचं. सहा वर्षांचे आकडे सांगत होते की धाकटीच्या दाण्यांनी कोरीच्या दुप्पट इन्शुलिन दिलं. मधली तिच्या खाली, थोरली तिच्या खाली, कोरी तळाला. त्याचं रंगीत चित्र मॅडमच्या खोलीबाहेर भिंतीवर लावलं होतं. चार खांब, ओळीनं उतरत जाणारे. मी रोज त्याच्यासमोरून डबा घेऊन जायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, यात माझाही हात आहे.

रविवारी दुपारी घरात बसल्या जागी मला ते चित्र दिसत होतं. चार खांब. तीन वाट्या. मेहुणी आणखी काहीतरी बोलत होती, बायकोनं चहा ठेवला होता. मला माझे हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखे वाटायला लागले. हे हात शिकले कुठं? मला ते नेमकं ठाऊक होतं. प्रयोगशाळेच्या आधी मी बियाण्यांच्या वखारीत होतो. चौदाव्या वर्षी लागलो. तिथं लांब लाकडी ताटं असायची, बियाणं ओतायचं, खडा-काडी बाजूला करायची. दोन वर्षांनी मुकादमानं माझा हात बघून मला वानगीवर बसवलं. गिऱ्हाइकाला पोतं उघडून दाखवत नाहीत, आधी एक छोटी थाळी दाखवतात, ती वानगी. ती भरायची म्हणजे ढिगातून पहिल्या झटक्यात सगळ्यांत चांगलं बी उचलायचं, तेही असं की उचललंय हे कळता कामा नये. मुकादम मागे उभा राहून बघायचा. थाळीत एक जरी मुरमट, सुरकुतलेलं बी दिसलं तर टाळक्यात टपली. मी त्यात इतका तरबेज झालो की गप्पा मारत, इकडेतिकडे बघत वानगी भरायचो. एकदा एक बागाईत करणारा म्हातारा पोतं खांद्यावर घेऊन परत आला. त्यानं ते वखारीच्या फरशीवर ओतलं, शेजारी वानगीची थाळी ठेवली आणि कुणाला शिवी न देता शांतपणे विचारलं, "हे एकाच झाडाचं आहे का हो?" मुकादम काहीबाही बोलत राहिला. म्हातारा माझ्या हातांकडे बघत होता. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. मला लाज वाटली नाही. मला वाटलं, काय हात आहे आपला! पुढे वखारीत चाळणीचं यंत्र आलं आणि आम्ही सगळे घरी बसलो. मी प्रयोगशाळेत झाडूपोछ्याला लागलो. तिथं एक दिवस मॅडमच्या आधीच्या साहेबांचा वेचणारा आजारी पडला. साहेबांनी मला खुर्चीवर बसवून नळी हातात दिली. तासाभरानं त्यांनी भिंगातून माझी पहिली बशी बघितली आणि म्हणाले, "वा! काय सुंदर दाणे निवडलेत." निवडलेत म्हणाले. त्या एका वाक्यावर मी सत्तावीस वर्षं जगलो होतो, आणि त्यात काय दडलंय हे त्यांनाही दिसलं नाही, मलाही नाही.

संध्याकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि पिशवी रिकामीच हलवत तीन रस्ते फिरलो. या आकड्यांवरचा मॅडमचा लेख शुक्रवारी छापायला जायचा होता. त्याच्यावर मॅडमना पुढची पाच वर्षं हे काम करायला मिळणार की नाही ते ठरायचं होतं. सहा वर्षांत त्यांनी एक धड सुट्टी घेतलेली मी बघितली नाही. आणि मी चार महिन्यांनी निवृत्त होणार. मी बोललो नाही तर कुणाला कळणार? उंदरांना कळत होतं, ते मेले. मेहुणी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार. मी स्वतःची समजूत घालत चाललो होतो की दाणे काही डाळिंबाचे नसतात, भिंगाखाली सगळे सारखेच दिसतात, तिथं कसला आलाय पक्षपात. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, सारखे दिसत असतील तर सुंदर कुठले निवडलेस? समोरून एक पोटुशी बाई सावकाश येत होती, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पावाची पिशवी. तिला वाट द्यायला मी कडेला झालो. ती काही म्हणाली नाही, थोडीशी हसली. मला वाटलं, उद्या आमच्या लेखावरून कुणीतरी औषध करील आणि अशाच कुणाच्या तरी दंडात टोचील. ती विश्वासानं बाही वर करील. आणि त्या औषधात हार्मोन किती आणि माझ्या बोटांची सवय किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी भाजी न घेताच घरी आलो. बायकोनं पिशवी उलटी करून बघितली. "मंडईत काय नुसती हवा होती का आज?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिनं कपाळाला हात लावून बघितला आणि पुढे काही विचारलं नाही. तिची हीच पद्धत आहे. ती थांबते.

सोमवारी मी सूक्ष्मदर्शकापाशी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातावर पाळत ठेवली. काळ्या काचेवर दोन-अडीचशे दाणे पसरले होते. नळी पाण्यात शिरली, डावीकडे वळली, जवळचे तीन दाणे सोडून चौथ्याकडे गेली. का? जवळच्यांत एकाची कड फाटलेली, एक काळवंडलेला, एकाला चिंधी चिकटलेली. चौथा गोल, गुळगुळीत, दुधाच्या थेंबासारखा. हात मला विचारत नव्हता. मी ठरवलं, आता मुद्दाम जवळचा घ्यायचा. नळी फाटक्या दाण्यापाशी नेली तर मनगट अवघडलं, श्वास अडकला, दाणा निम्मा ओढला आणि फुटला. आपण चालतो कसे याचा विचार करत चालायला लागलं की पाय जसे एकमेकांत अडकतात, तसं झालं. पन्नास दाण्यांना मला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. शेजारच्या टेबलावर आमची आकडेबाई संगणकावर काम करत होती. वयानं माझ्या मुलीएवढी, सगळी आकडेमोड तिच्याकडे, म्हणून हे नाव. तिनं दोनदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. "काका, बरं नाही का?" मी म्हटलं, "हात बघतोय." ती काहीतरी बोलणार होती असं वाटलं, पण तिनं पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं.

बशा उबेच्या पेटीत ठेवल्या, हात धुतले, पुसले, परत धुतले आणि मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काका, रजा सोडून काहीही मागा. शुक्रवारपर्यंत या खोलीत कुणाला मरायचीसुद्धा परवानगी नाही." मी म्हटलं, "रजा नकोय. चूक सांगायचीय." मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वखार, वानगी, डाळिंब, मेहुणी. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि एकदम हसल्या. "म्हणजे तुमच्या मेहुणीबाईंनी आमचं सहा वर्षांचं संशोधन डाळिंबावर तपासून बघितलं? अहो काका, मोठे दाणे पहिल्या बशीत जातात हे काय आम्हाला माहीत नाही? म्हणून तर आम्ही भागतो. बशीतल्या दाण्यांमध्ये एकूण पेशी किती होत्या ते मोजतो आणि आलेल्या इन्शुलिनला त्यानं भागतो. दाणा मोठा असो की लहान, हिशेब पेशीमागे होतो. तुमचा हात आम्ही सहा वर्षांपूर्वीच भागून टाकलाय." मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. रात्रभर अंगावर घेऊन झोपलेलं ओझं गेलं, आणि त्याच वेळी कुठंतरी बारीक टोचलंही. सत्तावीस वर्षं ज्या हाताचा रुबाब केला, तो इथं एका रेघेखाली बसवून कधीच वजा झाला होता, आणि कुणी मला सांगितलंही नव्हतं. तरी टोचण्यापेक्षा हलकं वाटणं मोठं होतं. मी हात जोडले आणि वळलो. दाराच्या कडीला हात लावला तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, एक मिनिट." त्या आवाजात हसू नव्हतं. "तुम्ही मोठे निवडता की चांगले?" मी म्हटलं, "चांगले. मोठा असेल आणि फाटका असेल तर मी तो घेत नाही." "चांगले म्हणजे?" "गुळगुळीत कडेचे. ज्यांना मार लागलेला नाही." मॅडमनी हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मार लागलेला दाणा इन्शुलिन कमीच देणार. त्यात पेशी कितीही असल्या तरी. ते भागून जात नाही."

मॅडमनी आकडेबाईला बोलावलं, लेख पुढच्या आठवड्यावर ढकलला असं फोनवर कुणाला तरी कळवलं, आणि बाहेर जाऊन भिंतीवरचं चित्र स्वतःच्या हातानं उतरवलं. भिंतीत टाचण्यांची चार भोकं राहिली. ठरलं ते असं. मी नेहमीसारखेच वेचायचे, हाताला छळायचं नाही. चारही बशा सारख्या, झाकणांवर नुसते आकडे. बशा भरून झाल्या की आकडेबाईनं त्या दुसऱ्या खोलीत न्यायच्या, चार चिठ्ठ्या टाकायच्या आणि जी निघेल तिच्याप्रमाणे कुठल्या बशीत थोरली, कुठल्या बशीत धाकटी ते ठरवायचं. धाकटीला बर्फातून तेव्हाच काढायची, म्हणजे ताटकळायचा प्रश्न नाही. चिठ्ठ्या पाकिटात बंद करायच्या, मॅडमनीही बघायच्या नाहीत. तीन दिवस, दिवसाला चार वेळा. मॅडम म्हणाल्या, "हे इतकं सोपं होतं. सहा वर्षं आपल्याला सुचलं का नाही?" मला सुचलं होतं ते असं की सगळ्यांनाच पहिली बशी सुंदर हवी होती. पण ते मी बोललो नाही.

ते तीन दिवस मी वेचत होतो ते एखाद्या लहान मुलानं परीक्षेला बसावं तसं. डोळे दुखायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तसाच बंद करायचो. मॅडम येता-जाता नेहमीची थट्टा करायच्या नाहीत, आणि ती नसल्यावर मला कळलं की मी रोज तिची वाट बघत असे. मंगळवारी त्यांना जिन्यात गाठून मी म्हटलं, "मी सांगायला नको होतं का?" त्या दोन पायऱ्या वर गेल्या, थांबल्या. "काका, मला खूप राग आलाय. तुमचा नाही. कुणाचा ते अजून सापडत नाहीये. सापडला की सांगते." बुधवारी संध्याकाळी बायकोनं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचं न वाढता समोर बसली. "आता सांगता का, की मी बहिणीला फोन करून विचारू, तिनं काय घातलं डाळिंबात?" मी सांगितलं. ती ऐकत राहिली. तिला हार्मोन कळला की नाही माहीत नाही, पण तिनं एकच विचारलं, "तुम्ही स्वतःहून सांगितलंत?" "हो." "मग जेवा." "आणि सगळं खोटं निघालं तर?" "तर खोटं निघेल. तुमच्यामुळे लवकर निघेल. तुम्ही गप्प बसला असता तर मला आयुष्यभर या डोकेदुखीला तेल चोळत बसावं लागलं असतं." मी जेवलो. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा मीठ लागलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मोजणीचे आकडे आले. आकडेबाईनं पाकीट फोडलं. मी दाराशी उभा होतो, मॅडम खिडकीशी, पाठमोऱ्या, बाहेर गाड्या लावायच्या जागेकडे बघत. आकडेबाई चिठ्ठ्या एकेक उलगडून आकडे जुळवत होती, आणि कळफलकाच्या टकटकीशिवाय खोलीत आवाज नव्हता. मला माझ्या बनियनच्या आत घाम ओघळताना कळत होता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की चारही खांब सारखे निघणार. मग काय बोलायचं, तेही ठरवलं होतं, पण त्या क्षणी त्यातला शब्द आठवेना. टकटक थांबली. आकडेबाई म्हणाली, "मॅडम." मॅडम वळल्या नाहीत. "सांग." "धाकटी वर आहे." "किती?" "कोरीच्या दीडपट. बाराच्या बारा वेळा. एकदाही खाली आली नाही." मॅडमनी खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकलं. "दीडपट. दुप्पट नाही, दीडपट." "हो. आणि पहिल्या क्रमांकाची बशी, तिच्यात काहीही घातलेलं असो, थोडी वर असतेच. काकांचा हात त्यात आहे. पण धाकटी शेवटच्या बशीत पडली तरी वरच आहे." मी चौकटीला धरून उभा होतो. धाकटी खरी होती. फाटक्या, काळवंडलेल्या, शेवटच्या दाण्यांनासुद्धा तिनं उठवून कामाला लावलं होतं. मी तिथंच, दाराशी पडलेल्या खोक्यावर बसलो. आत काचेच्या नळ्या होत्या, त्या कुरकुरल्या. "खोकं फोडू नका काका, आपल्याकडे तेवढ्याच आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि तो त्यांचा जुना आवाज होता.

"अजून एक आहे," आकडेबाई म्हणाली. "मधली." "तिचं काय?" "ती पडली. कोरीच्या बरोबरीला आली. थोरली तिच्या वर आहे, जशी असायला हवी तशी." मॅडम आता वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी सत्तावीस वर्षांत कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं, राग आणि आनंद एकाच वेळी नाकपुड्यांत. "मधली? ती मधली?" त्यांनी टेबलावर चापट मारली. "अगं, दोन वर्षं खाल्ली तिनं माझी! तिची कडी जिथं बदललीय तिथून ती दाण्यावर बसूच शकत नाही. मूळ रूपापेक्षा ती सरस कशी, याचं उत्तर शोधण्यासाठी मी जंग जंग पछाडलं. झोपेत मला ती मधली दिसायची. आणि ती काय होती? काका, ती तुम्ही होतात!" मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "मॅडम, मी कधीच इतका वर गेलो नव्हतो." आणि मग तिघंही हसायला लागलो. आकडेबाईनं चष्मा काढला, तिचे डोळे भरून आले होते, आणि हसता हसता ती थांबली. "काका, मला एक सांगायचंय. मला दोन वर्षांपासून शंका होती. आकडे नेहमी बशा भरायच्या क्रमानंच उतरायचे. एक दिवस तर मी तुम्हाला विचारायला उठलेही होते. पण वाटलं, तुमच्या हाताबद्दल कसं विचारायचं? तुम्हाला लागेल. म्हणून बसले परत." मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मीही. सोमवारी तिनं दोनदा मान का वळवली ते मला आता कळलं. माझा मान राखायला ही पोरगी दोन वर्षं हे पोटात घेऊन हिंडत होती, आणि मी तिला मनातल्या मनात घुमी म्हणत होतो. मी म्हटलं, "बाई, लागलं असतं. पण दोन दिवसांत भरलं असतं." ती मान हलवत चष्मा पुसत राहिली. मॅडम म्हणाल्या, "सापडला. माझा राग सापडला. आपल्या तिघांच्या चांगुलपणावर आहे." आणि लेखाचा कागद पुढे ओढून त्यांनी दुप्पट या शब्दावर काट मारली.

मग त्या दोघी एका आकड्यावरून वाद घालायला लागल्या, की दशांशचिन्हापुढचा तिसरा अंक लिहायचा की नाही, आणि मला तिथं काही काम उरलं नाही. मी उबेच्या पेटीच्या खोलीत गेलो. कालच्या शेवटच्या फेरीतली एक बशी टाकून द्यायची राहिली होती, तिच्यात धाकटी होती असं आता झाकणावर लिहिलं होतं. मी ती काळ्या काचेवर ठेवली, दिवा लावला आणि भिंगाला डोळा लावला. नळी हातात घेतली नाही. हात मागे बांधले, शाळेत उभे करायचे तसे. दाणे होते तिथं होते. एक गोल, एक चेपलेला, दोन एकमेकांना चिकटलेले, एक कड फाटलेला आणि तरीही त्याच्या आत फिकट उजेड. सगळीकडे बघायला मी मोकळा होतो. किती वेळ गेला कळलं नाही. पलीकडून मॅडम ओरडल्या, "काका, दिवा बंद करा, तापतील ते!" मी म्हटलं, "एक मिनिट," आणि बघत राहिलो.